गणपूर्ती

परिषदेच्या चार समित्या.
पहिली नावं नोंदवते, दुसरी अभ्यासक्रम बघते,
तिसरी तपास करते, चौथी निवाडा.
तिसरीतल्यानं चौथीत बसायचं नाही.
ज्यानं गणित घातलं
त्यानंच मार्क देऊ नयेत, असं काहीतरी.

मी चौथीत. हिंगोली विभाग.
निवडून आले तेव्हा घरून प्रश्न, भत्ता किती?
एसटीचं भाडं, म्हटलं, आणि दोन चहा.

खुर्च्या पाच. एक एप्रिलपासून रिकामी,
तिच्यावर घोंगडे लिपिकाचा डबा असतो.
एकीवर अध्यक्ष कंठाळे,
एकीवर ढगे, म्हणजे आले तर.
एकीवर वसमतच्या शमीमबी, शिलाईचं दुकान.
त्या मास्तरीण नाहीत, म्हणूनच आहेत;
नियम आहे, एक तरी माणूस बाहेरचा हवा.
का, ते त्यांनीच पहिल्या बैठकीत सांगितलं:
ज्यानं त्यानं आपलं माप घेतलं
की कंबर दोन इंच कमीच भरते.

आज फाईल उघडली.
पतंगे माधव ग्यानबा, सहशिक्षक, तांडा वस्ती, तालुका सेनगाव.
निवृत्तीला सात महिने.
आरोप: दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली अकरा लेकरं
रोज हजर दाखवली.
पट वीसच्या खाली गेला असता, शाळा गेली असती,
हे आरोपात नाही. ते फक्त मला ठाऊक.

मी हात वर केला, जुन्या सवयीनं.
घोंगडेंनी गुलाबी कागद सरकवला,
हितसंबंध जाहीर करण्याचा नमुना.
रकाना तीन, संबंधाचं स्वरूप.
लिहिलं: यांनी मला भागाकार शिकवला.
कंठाळे म्हणाले, बाहेर बसा मॅडम.

व्हरांड्यात एकच बाक.
त्यावर सर.
पिशवी मांडीवर, पिशवीत हजेरीपट.
मला बघून हसले,
"तुलाबी बाहेर काढलं?"

प्रकरणावर बोलायला बंदी.
मग आम्ही हळदीवर बोललो,
औंदा भाव कसा राहील त्यावर,
माझा सात अजून एकासारखा दिसतो का, त्यावर.
दिसतो.

खिडकी उघडीच होती.
"ढगे कुठायत?"
"नर्सीपर्यंत आलेत म्हणं साहेब."
"गणपूर्तीला तीन लागतात. लावा हजर. येतीलच."

पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज
इतका मोठा असतो, हे मला माहीत नव्हतं.
सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही.
पिशवीचे बंद सारखे करत म्हणाले,
"येतात बरं. माझेबी येतात. चैत्रात."

मी उठले. दाराच्या कडीवर हात ठेवला.
मी आतली नव्हते, गुलाबी कागदानं सही घेतली होती माझी.
बाहेरच्या माणसानं आत बोलावं का,
नमुन्यात त्याला रकाना नव्हता.
किती वेळ उभी होते कोण जाणे.
कडी गार होती.

आतून शमीमबी, सावकाश, कपडा बेतावा तसं:
"दोनच हाव साहेब आपण. मी मोजलं.
डबा धरला तर तीन."

बैठक तहकूब. पुढची तारीख सतरा.
मला आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली,
कडीवरचा हात मीच मागे घेतला होता.
सर म्हणाले, "तुमच्या नियमापायी
आता पुन्हा दोन गाड्या बदलायच्या मला."
रागावले होते. खरंच रागावले होते.
मग पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला,
मी समितीची सदस्य आहे हे आठवून
मी तो घेतला नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी ढगे आले,
रुमालानं मान पुसत.
"झाली का सुरू?"
कोणीच बोलेना.
सर जरा सरकले
आणि बाकावर त्यांना जागा करून दिली.