तीन नंबरचा

आयमन शिकलगारनं लोणच्याच्या बरणीत
पाणी हिरवं होऊ दिलंय. विश्रामबागेत, आमच्या वरच्या गॅलरीत,
कूलरच्या आडोशाला.
त्यात डाफ्निया, तिच्या गप्पींचं जेवण.
ते मी ओळखतो: आधण आलेल्या कण्यांसारखे
खाली-वर, खाली-वर.

"पण आजोबा, ह्यात आणखी कोणतरी आलंय."

पांढरी बशी. ड्रॉपर. माझं पेपर वाचायचं भिंग.
खसखशीचा एक दाणा तळावरून चालू लागला.
दोन झाकणांचा शिंपला तो, बिनविषारी.
तिनं वहीत लिहिलं: १. खसखस (चालते).
काचेवरचा दोरा, टोकाला बोटं, टोचलं की गोळा.
हा पिल्लं खातो, काढ. २. दोरा (वाईट).

मग तिसरा.
झेप, थांब. झेप, थांब.
कपाळावर एकच डोळा, शेपटाशी दोन पिशव्या,
पखाल लादलेल्या रेड्यासारखा.

मी भिंग खाली ठेवलं.

जत तालुका, एक्क्याऐंशी ते सत्त्याऐंशी.
सायकलला औषधाचा डबा, पायऱ्यांच्या विहिरी,
लांबी गुणिले रुंदी गुणिले पाणी, आणि तेवढे थेंब.
बिरुदेव कोळेकरच्या घोट्यातून नारू निघत होता,
त्याची आई काडीवर गुंडाळायची
रोज दोन बोटं. घाई नाही. तुटला की पाय गेला.
मी ओरडायचो, दुहेरी फडक्यानं गाळा!
बाया म्हणायच्या, पाणीच नाही, गाळू काय?

ह्यांना मी विहिरीच्या विहिरी भरून मारलं.
ओळख एवढीच: बादलीत आहे, बादलीत नाही.
डोळा लाल असतो
हे मला ठाऊक नव्हतं.
पत्रक काळं-पांढरं होतं.

"चांगला का वाईट?"
"गप्पींना चालतो."
"आणि आपल्याला?"
"आता काही करत नाही. तेव्हाही
त्याचं त्याला ठाऊक नसणार
पोटात कोण बसलंय."
तिनं लिहिलं: ३. पखालवाला. पुढे प्रश्नचिन्ह.
नाव मी सांगितलं होतं. तिला हेच आवडलं.

ती बरणी घेऊन गेली. बशी राहिली.
थेंब आटत होता, म्हणून पंखा बंद केला.
तरी आटत होता,
म्हणून उठलो, वाटीभर पाणी आणून
हलकेच ओतलं.

नळाचं.
आज क्लोरीनचा वास जरा जास्तच होता,
हे परत खुर्चीत बसल्यावर कळलं.