वरचा तुकडा

फोंड्याला, तिसऱ्या मजल्यावर, खाट नऊ.
आवडूबाय, माशेलच्या.
चाळीस वर्षं जत्रांतून खाजं विकलेलं;
बोटांच्या पेरांना अजून आल्याचा वास,
की मलाच तसं वाटायचं, स्पिरिटच्या खालून.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला
सिरिंज डोळ्यांसमोर धरून थेंब मोजताना पाहिलं,
आणि म्हणाल्या,
"तुजोय धंदो तोलाचोच न्ही गो?"

त्यांचा तोल निराळा.
काटा सरळ उभा राहिला की वर एक तुकडा,
मूल असेल तर दोन.
"सारकें तोललें तें विकलें.
वयलो कुडको, तो दिलो."

नवव्या दिवशी श्वास असा झाला
की आतून कुणी दार लोटतंय
आणि कडी बाहेरून.
डॉक्टर कुतिन्हो खुर्ची ओढून बसल्या,
सगुणला, मुलाला, सावकाश सांगितलं :
ही झोप आहे. मरण आजार आणील, आपण नव्हे.
हे खरं आहे.
मी तेव्हाही मानलं, आजही मानते.
पण कळ माझ्या अंगठ्याखाली होती.

निरोप घेऊन झाले होते.
सगुण खाली गेला, त्याची स्कूटर
अँब्युलन्सच्या वाटेत होती म्हणून.
तेवढ्यात त्या म्हणाल्या,
"दिवो पालव गो, दोळ्यांर येता."
मी दिवा मालवला.
पंप चालू केला.
नंतर दोन रात्री त्या काहीच बोलल्या नाहीत.

सगळं झाल्यावर सगुणने विचारलं, शेवटचं काय म्हणाली?
मी सांगितलं, जसं होतं तसं.
तो भिंतीला टेकून हसायला लागला,
"बिल येतं म्हणून! आयुष्यभर हेच!"
आणि हसणं कुठे संपलं
ते त्यालाही कळलं नाही.

कुतिन्होबाई बेसिनपाशी हात धूत राहिल्या,
नळ बंद झाल्यावरही.
धाकटी मेल्विता चादरींच्या खोलीत गेली
आणि चादर न घेताच परत आली.
आम्ही चहात साखर कमी आहे यावर बोललो,
बराच वेळ, जणू तोच प्रश्न होता.

चार्ट मी तीनदा वाचला.
लिहिलेलं आणि दिलेलं, दोन्ही एकच.
मिलिग्रॅमनेही अधिक नाही.
तरी घरी आमटीत मीठ घालताना
चमचा हवेत थांबतो
आणि नवरा मागून विचारतो, काय झालं?
काय सांगू? काटा सरळ आहे
एवढंच पुन्हा पुन्हा बघतेय.

म्हार्दोळच्या जत्रेत यंदा
त्यांच्या जागी एक कोवळी पोर बसली होती, नात असावी.
पाव किलो मागितलं.
तिने तोललं, काटा स्थिर झाला,
मग सवयीने, वर न बघता,
एक तुकडा वर ठेवला.

मी तो उचलून परत तिच्या ढिगात ठेवला.
ती बघतच राहिली.
मीही.