अक्षाखाली

एकवीस वर्षं मी फळ्यावर एकच डोंगर काढते
आणि एकवीस वर्षं पोरं त्यावर चढून बसतात.
"बाई, गाडी घाट चढली, मग सपाटीला लागली, मग उतरली."
नाही रे बाबांनो. हा घाट नाही.
इथे वर म्हणजे जोरात, एवढंच.
आडवी रेघ थांबलेली नसते, धावत असते
एकाच वेगाने. थांबणं बघायचं
तर पार खाली या,
अक्षाला चिकटून पडलेल्या रेघेपाशी.

पेत्रोशानीत खाणीचा भोंगा पावणेतीनला वाजतो.
त्याआधी मला क्षेत्रफळ उरकायचं असतं:
रेघेखालचे चौकोन मोजा, अंतर मिळेल.
रेघ अक्षाखाली उतरली, तर गाडी माघारी वळली.
ते चौकोन वजा करा.
"अंतर वजा कसं होईल?" ओविदिउ विचारतो, दरवर्षी कुणीतरी ओविदिउ असतोच.
अंतर होत नाही, विस्थापन होतं.
चालीला नुसतं किती ते कळतं;
वेगाला घर कुठल्या बाजूला राहिलं, तेही ठाऊक असतं.

तास सुटल्यावर इलिंका थांबली.
दप्तरातून बिस्किटांचा डबा, डब्यात कागदी चकत्या,
ट्रकच्या मीटरमागे बसवतात त्या.
चोवीस तासांचा एक वेढा, सुईने मेणावर ओरखडलेला.
बाप सेप्तिमिउ, लुगोजच्या कंपनीत ड्रायव्हर.
दोन वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच.
चकत्या कंपनीने आत्ता पोस्टाने पाठवल्या. का, कोण जाणे.

तिने एक निवडली होती, नोव्हेंबरमधली.
गोल ओरखडा उलगडून चौकटीच्या कागदावर उतरवलेला,
पेन्सिल इतकी टोकदार की कागद दोनदा फाटलाय.
रात्री एकला निघाला. चौकोन मोजले: एकशे छप्पन किलोमीटर.
मग शून्य, चाळीस मिनिटं.
मग पुन्हा एकशे छप्पन.

"पुढे गेला असेल," मी म्हटलं, "यंत्राला फक्त चाल कळते.
त्याच्या कागदावर अक्षाखाली जागाच नसते."
"बाई, खाचा बघा."
शून्याच्या आधी फाटकाची खोल खाच,
मग बानित्साची सात वळणं, दाटीवाटीने,
मग आमचा पूल.
शून्यानंतर पूल.
सात वळणं.
फाटक.
मोजा उलटा करून काढावा, तसा तोच रस्ता.

दुसरा अर्धा भाग तिने अक्षाखाली काढला होता,
निळ्या पेन्सिलीने, एकही चौकोन न चुकवता.
एकशे छप्पन वजा एकशे छप्पन.
उत्तर: शून्य.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत:
पुलाजवळचा ट्रकतळ आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो.

मी चष्मा पुसला. परत मोजलं.
चाळीस मिनिटांच्या त्या रेघेखाली क्षेत्रफळ नाही.
फळ्यावर तिथे आले की मी म्हणते,
इथे काही घडत नाही, पुढे चला,
आणि खडू सरकवते.

भोंगा वाजला. खालच्या रस्त्यावर बूट वाजू लागले.
मी बरोबरची खूण केली.
शून्यापुढे एकक नव्हतं,
सवयीने अर्धा गुण कापला.
तिने पेन्सिल घेतली, टोक बघितलं.
"किलोमीटरच लिहू ना, बाई?"