काटा खाली आला तेव्हा

हिलारिओन म्हणाला, चढावर काटा लाल रेघेला भिडला,
मग आपोआप खाली आला.
गार झाली असेल गाडी.
सातुर्निना काही बोलली नाही.
बॉनेटवर पालथा हात धरला, लगेच काढून घेतला.

चायापाताच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशीलाच उकळतं,
बटाटे तासभर शिजत नाहीत.
झाकणानं दाब धरला नाही
तर इंजिनाचं काही खरं नाही.

तासभर थांबलो. वाऱ्यात मीठ होतं.
मग फडकं गुंडाळून तिनं रेडिएटरचं झाकण
पाव फेरा फिरवलं.
फुस्स नाही, काही नाही.
आत काडी घातली. कोरडी निघाली.

जमिनीवर थेंब नव्हता, होजला चीर नव्हती.
मी पंपाखाली टॉर्च धरला:
चिमणीच्या शिटेएवढा पांढरा डाग,
त्याखाली हिरवट, वाळलेला ओघळ,
गोडसर वास.
कित्येक महिने गाडी चालताचालताच गळत होती
आणि गळलेलं वाटेतच सुकत होतं.

"सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं बोलतो,"
सातुर्निना म्हणाली. "पाणी गेलं की नुसती हवा लागते त्याला.
मग तो सांगतो, सगळं ठीक."

हिलारिओन काट्याकडे बघत राहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाला, बायको
दोन वर्षं भांडत होती.
मार्चपासून गप्प आहे.

सातुर्निनानं दहाचा पाना मागितला.
मी बाराचा दिला.
ती माझ्यावर खेकसली.
बरं वाटलं.