कुणी काही सांगितलं नसेल तर

सकाळी सहा चाळीसला फोन. ओलोवोकडचा वनरक्षक, द्रागोल्युब.
"मेव्हलिदा, नकाशात विहिरी लाल झाल्यात.
पाणी नासलं का कुठे?"
मग जरा थांबून, जणू हे कमी महत्त्वाचं:
"आणि क्रेमेन्याकचा डोंगर करडा दिसतोय.
साफ झाला म्हणायचा का?
शेफिका टोपली घेऊन दारात उभी आहे.
अळंब्यांचे दिवस."

मी कॉफी चुलीवरून उतरवली, अर्धी उकळलेली.
"तिला बसव. माझा फोन येईपर्यंत उठू देऊ नकोस.
काहीही सांग. तुझ्या गुडघ्याचं सांग."

काल संध्याकाळी एल्विरने आवराआवर केली होती.
पोरगा गुणी. सर्व्हरवरचा केर त्याला बघवत नाही.
एकेचाळीस शैली, निम्म्यांना धनी नाही,
आणि नावं तरी कशी: लाल_नवा, लाल_नवा_२, लाल_खरा_शेवटचा.
त्याने पुसल्या.
त्यातच ती एक होती, तांबड्या तिरक्या रेघांची.
कवटी नाही, अक्षर नाही,
पाटीवरचं चुकलेलं गणित खोडावं
तशा नुसत्या रेघा.

सॉफ्टवेअर ओरडलं नाही.
ते भलं आहे, फुकटचं आहे,
कुठकुठल्या अनोळखी माणसांनी रात्री जागून लिहिलेलं,
आणि रिकामं पान त्याला दाखवता येत नाही.
शैली हरवली? असू दे, माझ्याकडची घे.
ठिपक्याला लाल चौकोन,
रेघेला निळा,
आणि जमिनीच्या तुकड्याला, मग तो कुठलाही असो,
करडा रंग, काळी किनार.
बाकी सगळं पुसता येतं. हे पुसू म्हटलं तर ते नाही म्हणतं.

करड्याच्या मनात पाप नाही.
तो एवढंच म्हणतो की मला कुणी काही सांगितलेलं नाही.
पण माणूस ते तसं वाचत नाही.
माणूस वाचतो: इथे काही नाही.
या दोन वाक्यांच्या मधून
क्रेमेन्याकच्या उतारावर एक पायवाट जाते,
आणि तिच्या कडेला बीचच्या पानांखाली
माझ्या लग्नाच्याही आधीपासून
काहीतरी पावलाची वाट बघत पडलंय.

आमच्याकडे एकदा माणसांनाही असेच रंग मिळाले होते,
नुसत्या आडनावावरून,
कुणी काही न विचारता.
मी तेव्हा सहावीत होते.
हे आत्ता नको. आत्ता बॅकअप.

बॅकअप सोमवारचा निघाला.
सात बाराला रेघा डोंगरावर परतल्या.
मी फोन लावला. "तिला घरी पाठव."
"ती कधीच गेली," द्रागोल्युब म्हणाला,
"घरीच. तू ठेवलास आणि ती उठली.
म्हणाली, डोंगर असा एका रात्रीत शहाणा होत नसतो."

दुपारी मी तो करडाच बदलला.
आता कुणी काही सांगायचं विसरलं
की जमिनीवर आपोआप तांबड्या रेघा येतात.
तासाभरात बान्या लुकाहून तिहोमीर तडकला:
"माझं शाळेचं मैदान, बस आगार, माशांचं तळं,
बाई, सगळ्यात सुरुंग पेरलेस तू!"
"मग त्यांना एकेक रंग दे," मी म्हटलं.
"जाऊन बघ, आणि मग दे.
तोवर रेघा राहू देत."
त्याने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

एल्विर दाराशी उभा होता, कान लाल.
रागवायला मला वेळ नव्हता.
खुर्ची ओढून दिली, ती फाइल उघडून दाखवली.
कॉफी थंडच प्यायलो दोघं.
रात्री बघितलं तर पहिल्याच ओळीत,
सर्व्हर जी वाचत नाही अशा जागी,
त्याने लिहून ठेवलं होतं:
पुसण्याआधी शेफिकाला विचारा.
खाली तिचा फोन नंबर. एक आकडा चुकलेला.
तेवढा मी दुरुस्त केला.