ते काळं

उद्यमबागेत, ओतकामाच्या कारखान्यात
वजनाच्या नोंदी ठेवणाऱ्या भरमाण्णा होनगेकरांसाठी
मी एक खिडकी बनवली. खिडकीत एक बटण.

त्याआधी ते रोज संध्याकाळी
वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलेली आज्ञा
एका बोटानं टाइप करायचे,
तिरक्या रेघा, मधल्या मोकळ्या जागांसकट.
एक जागा चुकली की मशीन इंग्रजीत खेकसायचं
आणि हे पुन्हा पहिल्या अक्षरापासून,
फळ्यापुढं उभ्या केलेल्या पोरासारखे.

बटणावर काय लिहावं, यात दोन दिवस गेले.
मी म्हटलं, जतन.
दुसऱ्या पाळीच्या गंगव्वा हुक्केरी म्हणाल्या, उळिसु.
भरमाण्णा म्हणाले, दोन्ही लिही की,
जागा काय विकत घ्यायची हाय?
बटण रुंद झालं.
खालच्या आज्ञेला यातलं काहीच वाचता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि खिडकी गोठली.
आज्ञा आत राबत होती,
वरचं सगळं तिच्यासाठी खोळंबून.
त्यांना वाटलं, लागलं नाही. म्हणून आणखी सहादा.
प्रिंटरनं सात चलनं काढली, एकाच ट्रकची.
ड्रायव्हरनं सातही घडी करून खिशात घातली.

मी ते सुधारलं. आज्ञेला मागच्या दारानं पाठवलं,
ती परतेपर्यंत बटण करडं करून बसवलं.
आणि दर वेळी उघडून लगेच मिटणारी
ती काळी चौकट, तीही झाकून टाकली.
खरं सांगते, मला माझंच कौतुक वाटलं.

चार दिवसांनी, खानापूरच्या बसमध्ये, फोन:
"अगं, ते काळं यायचं ते कुठं गेलं?"
कशाला हवंय तुम्हाला ते?
"आत काय करूलाय कळंना की."
मग जरा थांबून,
"भट्टीवर होतो तवा झाकण सरकवून बगायचो.
सगळं कळायचं असं न्हवं.
पण बगितल्यालं असायचं."
देसूरच्या पुढे रेंज गेली.

रात्री मी एक ओळ खोडली.

आता बटण दाबलं की चौकट उघडते,
पांढरी अक्षरं भराभर वर सरकतात.
शेवटी तिला मी दोन सेकंद थांबायला सांगितलंय.
कामाला त्यांची गरज नाही.
भरमाण्णा कपाळावरचा चष्मा खाली ओढतात,
ते दोन सेकंद बघतात,
आणि डबा उचलतात.