तेरा मिनिटं

ओमारूच्या रग्बी क्लबचा हॉल, जुलैतला गुरुवार,
बाहेर दहिवर गोठलेलं.
हीटर एकच, आणि तोही पोलिसांच्या बाजूला.

माझ्याकडे हे भाषण चार तऱ्हांचं आहे.
पोलिसांसमोर मी आकडे काढते,
किती जण पुन्हा सापडले, किती जण नाही.
चर्चमध्ये क्षमा म्हणते, माना हलतात.
तुरुंगात तो शब्द दाराबाहेर ठेवून जाते;
तिथे एवढंच म्हणते, 'समोर बसावं लागेल.'
आणि ज्यांचं घर फुटलंय त्यांच्याकडे
आधी ऐकते. बोलायचं उरलंच, तर चहानंतर.

आज सगळे एका खोलीत.
सार्जंट मॅकअ‍ॅलिस्टर, हाताची घडी.
शाळेची बारा पोरं, आल्याबद्दल गुण मिळणार म्हणून आलेली.
दाराजवळ, उठून पळता येईल अशा खुर्चीवर,
दीड वर्ष आत काढलेला टामाटी.
पहिल्या रांगेत एनिड प्रॉक्टर, कोट न काढता.

तोंड उघडलं आणि कळलं,
इथलं मलम तिथे मीठ आहे.
'भरपाई' म्हटलं तर सार्जंट विचारतो, किती डॉलर.
'जबाबदारी' म्हटलं तर पोरं
मुख्याध्यापकांसारखी मान डोलावून दाखवतात एकमेकांना.
'समेट' जिभेवर आला होता.
एनिडबाईंची गळ्यापर्यंत लावलेली बटणं बघून गिळला.
पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता.

तेवढ्यात त्या उठल्या,
माझ्याकडे पाठ करून.
'घड्याळ कुठंय?'

दाराजवळ खुर्ची करकरली.
'विकलं. टिमारूत. चाळीसला.'

'मागे पडायचं ते. रोज अकरा मिनिटं.'

'माहितीय. आठवडाभर होतं माझ्याकडे.
पण तेरा.'

हीटरचा आवाज
इतका वेळ होता, हे तेव्हा ऐकू आलं.

'तेरा हिवाळ्यात,' त्या म्हणाल्या.
'थंडीत जड होतं त्याचं अंग.'
आणि बसल्या.

माफीबिफी काही झालं नाही.
कोटही काढला नाही त्यांनी.
बसताना खुर्ची जराशी तिरकी झाली, एवढंच,
आणि ती कुणी सरळ केली नाही.

मी चारही भाषणं घडी करून खिशात घातली.
मागून एका पोरानं विचारलं,
'मिस, संपलं का?'

मी भिंतीकडे पाहिलं.
तिथं घड्याळ नव्हतं.